ज्यानं हात मोडला त्याला गोलात उभं केलं

माझा डावा हात कोपरातून वाकडा आहे. नवीन माणूस भेटला की आधी त्याची नजर तिथं जाते, मग तो झटकन दुसरीकडे पाहतो, जणू काही दिसलंच नाही. अरे पाहा की बापा, तिकीट थोडंच आहे. हा हात आमच्याच गावात मोडला, मंडईच्या दिवशी, भर दुपारी, सगळ्या गावाच्या देखत. आणि मोडला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांचं आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही आमच्या गावाला नावं ठेवाल. आमचं गाव दवनीवाड्याच्या पलीकडे, चहूबाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, आजूबाजूच्या गावचे पाहुणे येतात, जिलेबीच्या कढया चढतात. सकाळी फुटबॉलची फायनल होते आणि दुपारी दंडार. दंडार म्हणजे गावातल्याच माणसांनी मोकळ्या मैदानात, लोकांच्या मधोमध उभं राहून केलेला खेळ. त्यात गाणं आलं, नाच आला, रडारड तर हमखास. वर्षानुवर्षं माझ्याकडे दोन्ही कामं होती. सकाळी मी गावाच्या टीमचा गोलकीपर आणि दुपारी दंडारीतला खलनायक. ज्या बाया सकाळी माझं कौतुक करायच्या, त्याच दुपारी मला शिव्या घालायच्या, आणि मला दोन्ही सारखंच गोड लागायचं.

त्या वर्षी मी विधवा भावजयीला घराबाहेर काढणारा दीर झालो होतो. भावजय म्हणजे आमचा आटाचक्कीवाला, मिशी काढून, बायकोचं लुगडं नेसून. मी त्याचे खोटे केस धरले, फरफटत ओढलं, आणि तेवढ्यात गर्दीतून एक जण बांबू घेऊन धावत आला. गावातलाच पोट्टा, अंगानं रेड्यासारखा, मोहाची दारू लावून आलेला. "सोड तिले," एवढंच म्हणाला आणि हाणला. मी हात आडवा घातला म्हणून डोकं वाचलं. मी जो ओरडलो, तसा जन्मात कधी ओरडलो नव्हतो, आणि लोकांना वाटलं, वा, काय काम करून राहिला गडी. टाळ्याच टाळ्या. आटाचक्कीवाल्यानं लुगडं खोचून त्याला मागून मिठी घातली, तेव्हा कुठं लोकांच्या ध्यानात आलं की हा माणूस दंडारीत नव्हताच.

आता या पोट्ट्याचं सांगतो. फुटबॉल खेळावा तर त्यानंच. आमच्या आसपासच्या गावांत त्याच्यासारखा गोल मारणारा झाला नाही, हे मी वाकड्या हातानं लिहून देतो. पण मैदानाबाहेर आला की त्याचे हात त्याच्या ताब्यात राहत नसत. एकदा बाजारात भांडला, एकदा कुणाच्या वरातीत बँडवाल्याचा ढोल फोडला, पोलिसांनी दोनदा बसवून ठेवला. माझ्या प्रकरणात मात्र काही महिने जेलची हवा खाऊन आला. मागाहून मला कळलं की त्याच आठवड्यात त्याच्या बहिणीला तिच्या दिरानं घराबाहेर काढलं होतं. कारण समजलं. पण कारण समजल्यानं हाड सरळ होत नाही.

हाड वाकडंच जुळलं. दंडारीत त्या वाकडेपणानं माझं भलंच केलं, खोटं कशाला बोलू. वाकडा हात उचलून मी नुसता हसलो तरी लहान पोरं आईच्या पदरात शिरायची. पण गोलात वाकडा हात चालत नाही. वरून आलेला चेंडू मला दिसायचा, पाय उडी घ्यायचे, आणि हात अर्ध्यातच थांबायचा. मैदानाच्या कडेला उभं राहून दुसऱ्या कुणाच्या हातातून चेंडू सुटताना पाहणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं आयुष्यभर चेंडू धरला त्यालाच कळेल. मी रडलो आहे त्यासाठी, बायकोसमोर, धडधडीत.

गावानं बैठक घेतली. ठरलं ते असं : ज्याचा हात मोडला तो स्वतः बोलावत नाही, तोवर हा मंडईत पाय ठेवणार नाही आणि टीमकडून खेळणारही नाही. आमच्याकडे मंडईत उभं राहू न देणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजायचं नाही. सारी सोयरीक तिथं जमते. ज्याला मंडई बंद, त्याला गाव असून नसल्यासारखं. त्याची बायको तान्ह्या पोरीला घेऊन केशोरीला माहेरी गेली, आणि तिनं एकच निरोप धाडला : गावानं तुम्हाला मंडईत घेतलं की मी येते, तोवर इकडे येऊ नका. म्हणजे त्याच्या घराची किल्ली माझ्या खिशात आली. मी काही मागितली नव्हती.

दोन मंडया अशा गेल्या. तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास सगळी टीम माझ्या अंगणात येऊन बसली. पुढे कप्तान, म्हणजे माझा सख्खा पुतण्या. चहा झाला, धानाच्या गोष्टी झाल्या, डास फार झाले हेही झालं. मी समजलो, यांना काहीतरी मागायचं आहे. शेवटी पुतण्यानं तोंड उघडलं. त्यांना तो पाहिजे होता.

कशासाठी, तर बकऱ्यासाठी. मंडईची फायनल जिंकणाऱ्याला ढाल आणि बकरा मिळतो. ढालीचं कुणाला काही नाही. बकरा शेजारच्या गावानं ओळीनं नेला होता, आणि ते नालायक बांधाच्या त्या बाजूला, वारा आमच्याकडे असेल अशा जागी मटण शिजवायचे. पुतण्यानं मोबाइल काढून मला दाखवलं की जगातल्या मोठमोठ्या टीमा असे खेळाडू घेतात. कुणी बायकोला मारलेला, कुणी दारू पिऊन गाडी ठोकलेला, कुणी जेलातून आलेला. माफीचे दोन शब्द छापून येतात आणि पुढच्या सामन्यात गोल मारला की लोक त्याला डोक्यावर घेतात. काकाजी, खेळ वेगळा आणि माणूस वेगळा, असं तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, टीव्हीवरच्या टीमांचं बरं आहे बाबू. त्यांच्या खेळाडूनं ज्याला मारलं, तो त्या स्टेडियममध्ये बसलेला नसतो. इथं मारणारा आणि मार खाणारा एकाच बोअरिंगवर पाणी भरतात. तुमच्यासाठी तो एक पाय आहे, गोल मारणारा. माझ्यासाठी तो हात आहे. पायाला घ्याल तर हातही सोबत येईल, त्याचं काय करणार ते सांगा. मग मी जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यात त्यांच्या बकऱ्याचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार झाला.

माझी बायको ओसरीत बसून तांदूळ पाखडत होती. बाई बोलते कमी, पण बोलली की सुपातल्या खड्यासारखं नेमकं वेगळं काढते. तिनं सूप खाली ठेवलं आणि पोरांना विचारलं,

"तुमी सारे आले. तो काऊन नाई आला?"

पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. खरंच की. दोन वर्षांत तो एकदाही माझ्या दारात आला नव्हता. टीम आली, कप्तान आला, बकऱ्याचं नाव आलं, पण ज्याला माझ्याकडून काही पाहिजे होतं तोच नव्हता. मी म्हटलं, ऐकलं ना? तुमची टीम गेली खड्ड्यात. आधी त्याला पाठवा.

तो दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. मी खळ्यावर होतो. हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या धानाची कापणी झाली होती आणि पेंड्या रचून पुंजणं लावायचं काम चाललं होतं. पुंजणं म्हणजे धानाच्या पेंड्यांची उंच गंजी. एक माणूस वर उभा राहतो, खालचा त्याच्याकडे पेंड्या फेकतो, वरचा झेलून रचत जातो. तो खळ्याच्या कडेला उभा राहिला. आत येईना, बोलेना. बायकोच म्हणाली, आला असशील तर ये, बांधावर बगळ्यासारखा कायले उभा आहेस.

तो पुढे आला. मला वाटलं आता पाया पडेल, रडेल, लोक करतात तसं. त्यानं तसलं काही केलं नाही.

"मामाजी, मी खेळाले नाई विचारून राहिलो," तो म्हणाला. "पोरीले मंडई दाखवाची आहे."

मी पेंडी खाली टाकली आणि तोंड सोडलं. त्याला सगळं ऐकवलं. बायकोच्या हातून सदरा घालून घेतला ते ऐकवलं, पाऊस आला की हाड कसं ठणकतं ते ऐकवलं, गोलाच्या खांबाला टेकून दुसऱ्याचा खेळ पाहतो तेही ऐकवलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. एकदाही म्हणाला नाही की मी प्यालो होतो, किंवा माझ्या बहिणीचं असं झालं होतं. मी वाकडा हात त्याच्यापुढे केला आणि म्हटलं, धर, पाहा काय केलं आहेस. त्यानं दोन्ही हातांनी तो धरला, जिथं हाड वाकलं आहे तिथं बोटं ठेवली.

आणि मी, खोटं नाही सांगत, त्याच्या हातांकडे पाहत राहिलो. काय पंजे होते. सुपासारखे रुंद, बोटं लांब, मनगट जाड. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. त्या घडीलाही माझ्यातला गोलकीपर जागा झाला. मनात आलं, हे हात आजवर कुणी वापरलेच नाहीत. पायांचंच सगळ्यांनी कौतुक केलं आणि हात मोकाट सोडले.

"मंडईत ये. खेळ पण," मी म्हटलं. "पण गोल माराचा नाई. माझी जागा तू रिकामी केली, आता तूच भर."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग त्यानं नुसती मान हलवली.

पुतण्याला समजायला मात्र चार दिवस लागले, आणि समजल्यावर तो आमच्या घरी जेवायचा बंद झाला. पंचक्रोशीतला सगळ्यात मोठा गोल मारणारा हाती आला आणि काकाजीनं त्याला गोलात उभं केलं. म्हाताऱ्याचा हातच नाही, डोकंही वाकडं झालं, असं त्यानं पानठेल्यावर सांगितलं. गावभर हसं झालं. आटाचक्कीवाला म्हणाला की हे म्हणजे बैलाला घरात बांधून माणसानं नांगर ओढणं झालं. मी म्हटलं, ओढू दे, जमीन तर माझी आहे.

शिकवायचं कसं, हा प्रश्न होता. चेंडू आला की तो हात पुढे मारायचा. सवयच तशी, समोरून येईल त्याला हाणायचं. चेंडू त्याच्या पंजावर आपटून दहा हात लांब जायचा. दोन दिवसांत माझा जीव मेटाकुटीला आला. मग बायको म्हणाली, याले पुंजण्यावर चढवा ना. आणि खरंच, तिथंच सगळं होतं. धानाची पेंडी झेलायची तर हात तिच्यासोबत मागे न्यावे लागतात, पोटाशी घ्यावी लागते. तिला हाणलं की दाणे झडतात, आणि दाणे झडले की खाली उभी असलेली माझी बायको काय काय बोलते ते मी जाणतो.

तर तो वर आणि आम्ही दोघं खाली. मी उजव्या हातानं फेकायचो, बायको दोन्ही हातांनी, तीही मुद्दाम वाकडीतिकडी. पहिल्या दिवशी पुंजण्याखाली कोंबड्यांचं जेवण झालं. पुढे पुढे दाणे कमी पडायला लागले. दिवाळीच्या तोंडावर एक दिवस असा आला की कोंबड्या वाट पाहून कंटाळून निघून गेल्या. बायको म्हणाली, अवो, तुमचा गोलकीपर तयार झाला. माझ्या हातात पेंडी होती, ती तशीच धरून मी हसत उभा राहिलो. इतक्या वर्षांत मला सकाळी उठायची घाई कधी झाली नव्हती, ती त्या दिवसांत झाली. दारूचा वासही त्याच्या तोंडाला नव्हता, आणि मी रोज मुद्दाम जवळ जाऊन पाहत होतो.

मंडई आली. कापलेल्या बांधीतलं मैदान, पायाला टोचणारी धसकटं, चुन्याच्या रेघा, भोंग्यावर गाणी. तो जाळीसमोर उभा राहिला तेव्हा लोक माना उंचावून पाहायला लागले. मी त्याच्या मागे, खांबापाशी. बांधावर माझी बायको उभी होती आणि तिच्याजवळ केशोरीहून सकाळच्या बसनं आलेली त्याची बायको, कडेवर पोर. त्यानं तिकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. ती आली होती, पण तिची पिशवी अजून खांद्यालाच होती. राहायचं की दुपारच्या बसनं परत जायचं, हे तिनं ठरवलेलं नव्हतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

काय खेळला पोट्टा. चेंडू आला की पेंडीसारखा पोटाशी. खालून आला, वरून आला, एकदा तर तीन जणांच्या डोक्यावरून त्यानं तो उचलला आणि माझ्या तोंडून शिट्टी निघाली. पुतण्या मैदानाच्या मधून माझ्याकडे पाहून हात जोडून गेला. पण आमच्याकडून गोल मारणारा कुणी नव्हता, तो तर जाळीत होता. खेळ बिनगोलाचाच अडून राहिला.

शेवट शेवटला त्यानं एक चेंडू पकडला आणि शेजारच्या गावचा पुढचा खेळाडू मुद्दाम त्याच्या पायावर पाय देऊन उभा राहिला. रेफ्री लांब होता. मी अगदी मागेच होतो म्हणून मला ऐकू आलं.

"जेलात भाकर झेलाची शिकला का बे? बायकोले विचार, ते तरी कोनासाठी आली."

मी पाहिलं, त्याची मान लाल झाली. खांदे वर आले. बांबू घेऊन आला त्या दिवशी हे खांदे मी पाहिले होते. बांधावरची माणसं उभी राहिली. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण कळलं होतं. त्यानं मारलं असतं तर सगळं संपलं असतं, त्याचं घर आणि माझी ती सारी सकाळ-सकाळची मेहनत. पण त्याच्या हातात चेंडू होता. त्यानं तो छातीशी आवळला, डोळे मिटले आणि तसाच उभा राहिला. हलेना, फेकेना. सोडला असता तर हात मोकळे झाले असते, आणि मोकळ्या हातांचा त्याला भरवसा नव्हता. टीममधली पोरं फेक, फेक म्हणून ओरडायला लागली. तो उभाच.

रेफ्रीनं शिट्टी मारली. गोलकीपरनं चेंडू फार वेळ धरून ठेवला की समोरच्याला कॉर्नर देतात, तसा आता नवा नियम आहे. कॉर्नर झाला, गर्दीतून कुणाच्या तरी डोक्याला लागून चेंडू जाळीत गेला, आणि खेळ संपला. बकरा गेला.

बांधावरची माणसं खाली बसली. तो चेंडू जाळीतून काढून माझ्याकडे घेऊन आला, तोंड पडलेलं. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल; हरलो की मी देवालाही सोडत नाही. पण त्या वेळी माझे दोन्ही हात आपोआप वर गेले, एक सरळ, एक वाकडा, आणि मी टाळ्या वाजवायला लागलो. वाकड्या हातानं टाळी नीट लागत नाही, थप थप असा आवाज येतो. मग बांधावरून माझी बायको वाजवायला लागली, मग आटाचक्कीवाला, मग सारा गाव. शेजारच्या गावचे लोक बकरा धरून आमच्याकडे पाहत राहिले. गोल खाल्ला, फायनल हरले आणि टाळ्या वाजवून राहिले, यांना झालं तरी काय, असं त्यांच्या तोंडावर होतं. पुतण्या रडत होता, पण टाळ्या तोही वाजवत होता. केशोरीवालीनं खांद्यावरची पिशवी काढून माझ्या बायकोच्या हातात दिली.

दुपारी दंडार. मी पुन्हा तोच दीर, आटाचक्कीवाला तीच भावजय, मिशी काढलेली. तो पहिल्या रांगेत बसला होता, मांडीवर पोर, शेजारी बायको. मी भावजयीचे केस धरले तशा साऱ्या गावाच्या माना त्याच्याकडे वळल्या. माझीही वळली, लपवून काय करू. तो शांत बसला होता. मी वाकडा हात उगारला, पोटातून हसलो आणि ओढायला सुरुवात केली.

तेवढ्यात त्याची पोर मांडीवरून सुटली. चिमुरडी, अजून बोबडं बोलणारी, उभी राहिली, पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर नेम धरून फेकली. माझा डावा हात आडवा गेला, त्या दिवशी गेला होता तसाच. आणि चप्पल पंजात बसली. इतक्या वर्षांनी या हातानं काहीतरी झेललं.

तो ताडकन उठला, हात जोडले. दंडारीत मी कधी पात्र सोडत नाही, हात मोडला तेव्हाही शेवटपर्यंत दीरच होतो. त्या दिवशी सोडलं. चप्पल वर धरली आणि गर्दीत पुतण्याला शोधून ओरडलो,

"कप्तान, या पोरीले आताच टीममध्ये लिहून घे."

मंडई हसून हसून लोळायला लागली. भावजय लुगड्याचा पदर तोंडात कोंबून खाली बसली. तो आधी तसाच हात जोडून उभा होता, मग मटकन बसला आणि पोरीला छातीशी धरून हसायला लागला, सकाळी चेंडू धरला होता तसाच, पण डोळे उघडे ठेवून.